फुली दिसली की गप्प

तो मला भेटण्याआधी त्याचा आवाज भेटला होता. हॉस्पिटल सुटलं की संध्याकाळी मी बसस्थानकावर उभी राहायची, आणि खांबावरच्या कर्ण्यातून तो सांगत असायचा, कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा सुटणार. बाकीचे निवेदक नाकात बोलतात आणि वर उपकार केल्यासारखं बोलतात. हा मात्र आपल्या एकट्यासाठी गाडी थांबवून ठेवल्यासारखा बोलायचा. "जरा दमानं, आजी, गाडी तुम्हाला टाकून जात नाही," असंही मधेच म्हणायचा, आणि खरंच कुठेतरी एक आजी पिशवी सावरत धावत असायची.

त्या संध्याकाळी पाऊस होता, छत्री उघडावी की नको असा, भुरभुरता. "चार नंबरची गाडी आता..." एवढं म्हणून तो थांबला. मग कर्ण्यातून खुर्ची घासल्याचा आवाज आला आणि त्यामागून घशातून निघालेला एक लांब, घोगरा हुंकार. लोक वर बघायला लागले. एकजण तर हसला. मी धावत सुटले, कारण तो हुंकार मी ओळखत होते. माझं काम फिट येणाऱ्या लोकांतच चालतं.

केबिनमध्ये तो जमिनीवर पडला होता, अंग ताठ, ओठ निळसर. भोवती माणसांचं कोंडाळं, आणि एक कंडक्टर त्याच्या दातांमध्ये चमचा घालायच्या तयारीत.

"चमचा फेका आधी!" मी ओरडले. "दात पडतील त्याचे, नाहीतर तुमचं बोट तरी जाईल!"

"अहो, पण जीभ गिळली तर—"

"जीभ कोणी गिळत नाही. सरका मागे!"

मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल सारली आणि वाट बघत बसले. फिट आली की एवढंच करता येतं, पण लोकांना ते पटत नाही. हळूहळू त्याचं अंग सैल झालं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला गेला. तोंड हलत होतं, शब्द मात्र मिळत नव्हता. हातातून निसटलेली वस्तू अंधारात चाचपावी तसा तो शब्द शोधत होता. "च... च..." एवढंच. बराच वेळ.

ते माझ्या लक्षात राहिलं. आणखी एक लक्षात राहिलं, म्हणजे विसरूच दिलं नाही कोणी— माइक सुरू होता. माझी सगळी आरडाओरड अख्ख्या स्थानकाने ऐकली होती.

मी मेंदूचे फोटो काढते. एमआरआयच्या खोलीबाहेर काचेमागे बसते, आत बोगद्यात पेशंट झोपलेला असतो, आणि माझा आवाज हेडफोनमधून त्याच्या कानात जातो. "हलू नका. गिळू नका. आता गिळा." दिवसभर हेच. घरी आल्यावर आई म्हणते, तू जेवायला वाढतानाही हुकूम सोडतेस.

पुढच्या महिन्यात एका सकाळी माझ्या स्कॅनच्या खोलीच्या दारात एक उंच, हडकुळा माणूस उभा होता आणि त्याच्यामागे त्याची मोठी बहीण. ती शाळेत गणित शिकवायची आणि जगाकडे पेपर तपासल्यासारखी बघायची. तेवढ्यात वॉर्डबॉयने लोखंडी ट्रॉली आत ढकलली. यंत्राचं चुंबक लोखंड ओढून घेतं, म्हणून मी तिथूनच गरजले, "ट्रॉली बाहेर ठेवा आधी!"

तो माणूस हसला. "ताई, अगं याच त्या. चमचावाल्या."

मी पाहिलं. आवाज ओळखला आणि कानशिलं तापली.

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाही," तो म्हणाला. "पण आमचा कंडक्टर तुमची नक्कल फार छान करतो."

"खिशात काही आहे? नाणी, किल्ली, पट्टा?"

"खिशात नाही. मनात असलं तर चालेल?"

"लोखंडाचं नसेल तर चालेल. झोपा."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, वर्गाबाहेर उभं करतेय.

गोष्ट साधी होती आणि वाईट होती. लहानपणी जबर तापात त्याला फिट आली होती. मग गोळ्यांवर ती इतकी वर्षं गप्प राहिली की सगळे विसरूनच गेले. तो मोठा झाला, बसचा ड्रायव्हर झाला आणि मग ती परत आली. नशीब असं की गाडी डेपोत उभी होती. त्याने त्याच दिवशी किल्ली परत केली, कोणी मागायच्या आत. तेव्हापासून तो गाड्या चालवायच्या ऐवजी गाड्यांची नावं सांगायचा. आता गोळ्या पुऱ्या पडत नव्हत्या. फिट वाढत होत्या, झोपेतही यायला लागल्या होत्या, आणि झोपेत येणाऱ्या फिटमधून एखादा माणूस सकाळी उठतच नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला होता. तेवढा तुकडा काढला तर फिट जातील, असं आमच्या मोठ्या सरांना, मेंदूच्या सर्जनना, वाटत होतं. पण बोलण्याचं घरही बहुतेक माणसांच्या डाव्या बाजूलाच असतं. नेमकं कुठे, ते कापण्याआधी मला शोधायचं होतं.

"पडद्यावर एक अक्षर दिसेल," मी माइकवर सांगितलं. "त्या अक्षराने सुरू होणारे शब्द मनातल्या मनात म्हणायचे. ओठ हलवायचे नाहीत. मग फुली दिसेल. फुली दिसली की गप्प. मनातही गप्प."

"मनातही? ते मला जन्मात जमलेलं नाही, हुकूमबाई."

"मग आज जमवा."

मेंदूचा जो भाग राबतो, तिकडे रक्त जास्त धावतं. यंत्र ते टिपतं. राबतानाच्या चित्रातून विश्रांतीचं चित्र वजा करायचं, मग जे उरतं ते बोलण्याचं घर. पेशंटला झोप लागली तर कळावं म्हणून डोळ्यांवर एक कॅमेराही असतो. अक्षर आलं की त्याचे डोळे परीक्षेला बसल्यासारखे गंभीर व्हायचे. फुली आली की कडांना सुरकुत्या पडायच्या. डोकं मात्र सूतभरही हलत नव्हतं. गुणी पेशंट आहे, असं मी मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी स्थानकावर पोचले तर तो केबिनमधून दोन कागदी कप घेऊन बाहेर आला. कॉफी पाण्यासारखी होती. आम्ही छपराच्या कडेला उभे होतो, पन्हाळीतून गळणारं पाणी आमच्या बुटांवर उडत होतं, आणि दोघांपैकी कोणीही सरकत नव्हतं.

"तुम्ही लोकांच्या डोक्यात डोकावता. माझ्या डोक्यात काय दिसलं?"

"मेंदू दिसला. आश्चर्यच आहे."

"बस? आणखी काही... कोणी... दिसलं नाही?"

"गाडी लागली माझी."

"लागू दे. ती मी सांगितल्याशिवाय हलत नाही."

मग हे रोजचंच झालं. आभाळ भरलेलं असलं की तो कमी बोलायचा, कारण फिट येण्याआधी त्याला असंच भरून आल्यासारखं वाटायचं आणि दोन्हीतला फरक त्याला कळायचा नाही. रस्त्याबद्दल मात्र भरभरून बोलायचा. "रस्ता डोळ्यांनी दिसतो ते खरं नाही," म्हणायचा, "तो पायाला कळतो. पेडलमधून." हे सांगताना त्याचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला जायचा. एकदा कप देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली. मी हात काढला नाही. त्यानेही नाही. कॉफी गार झाली, ती तशीही कोण पीत होतं!

निकालाच्या बैठकीला मोठ्या सरांनी माझी चित्रं पडद्यावर लावली. डावीकडे अंधार. उजवीकडे एक फिकट ठिपका.

"नशीबवान आहे," सर म्हणाले. "लहानपणी आजार झाला की कधीकधी बोलणं घर बदलतं. याचं उजवीकडे गेलेलं दिसतंय. म्हणजे डावीकडचा भाग आपण सढळ हाताने काढू शकतो. फिट कायमच्या जातील."

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा उजळला नाही. मला केबिनमधली ती जमीन दिसत होती आणि शब्द चाचपणारं ते तोंड. ज्याचं बोलणं फिटनंतर असं हरवतं, त्याचा बिघाड बोलण्याच्या जवळच असतो, एवढं मी या कामात राहून शिकले होते. उजवीकडे घर असतं, तर तो माणूस तेव्हा मला नाव-गाव सांगून मोकळा झाला असता. मग चित्र खोटं का बोलत होतं?

संध्याकाळी मी कॉफी हातातही घेतली नाही.

"स्कॅनच्या वेळी फुली आल्यावर काय करत होतात?"

"गप्प होतो."

"खोटं."

"तुम्ही सांगितलं होतंत, गप्प. मी—"

"डोळे हसत होते तुमचे. मी पाहिलंय. काय करत होतात?"

त्याने मान खाली घातली. मग पावसाकडे बघत, कर्ण्यावर कधी ऐकू न आलेल्या बारीक आवाजात म्हणाला, "अक्षर आलं की शब्द शोधायचे, ते काम होतं. ते केलं. पण फुली आली की मोकळा वेळ... आणि कानात नुकताच तुमचा आवाज येऊन गेलेला. मग मी... बोलायचो. तुमच्याशी. मनात."

"दर वेळी?"

"दर वेळी. अक्षर आलं की उलट राग यायचा, मधेच काय कडमडलं म्हणून."

"काय बोलायचात एवढं?"

"सगळंच सांगत नाही. पण शेवटच्या फुलीपर्यंत आपलं लग्न ठरलं होतं. ताईसुद्धा तयार झाली होती, म्हणजे बघा."

असं काही ऐकायला मिळावं म्हणून मुली आयुष्यभर वाट बघतात. मला मिळालं, आणि मी मनात वजाबाकी करायला लागले.

"अहो, शब्द कामातही होते आणि विश्रांतीतही! एकातून दुसरं वजा केलं की उरलं काय?"

"काय?"

"काही नाही! शून्य!"

"म्हणजे माझं प्रेम शून्य निघालं?"

"प्रेम नाही रे, मूर्खा, तुझं बोलणं शून्य निघालं! ते डावीकडेच आहे, आणि ते लोक डावीकडे सढळ हाताने कापायला निघालेत!"

"तू मला अरे म्हणालीस," तो म्हणाला.

"तेवढंच ऐकलंस?"

"नाही. सगळं ऐकलं." तो वळला. चेहऱ्यावर हसू राहिलं नव्हतं. "सांगू नकोस त्यांना."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"सर म्हणालेत, सगळा भाग निघाला तर फिट कायमच्या जातील. फिट गेल्या तर गाडी परत मिळेल. पुन्हा स्कॅन केला तर ते कमी कापतील, नाहीतर कापणारच नाहीत. हो ना?"

"आणि बोलणं गेलं तर?"

"गाडी चालवायला बोलावं कुठे लागतं?"

"ताईशी? माझ्याशी?"

"तुझ्याशी मनात बोलेन. सवय आहे मला."

"मनातलंही जातं रे," मी म्हणाले. "ते घर गेलं की मनातले शब्दही जातात. कोणाशी काय बोलशील?"

आतून कोणीतरी काच वाजवली, गाडी सुटायची वेळ झाली होती. तो केबिनमध्ये गेला आणि त्याने माझी गाडी सांगितली, अगदी स्वच्छ, शांत आवाजात. मी गाडीत बसून रडले. मला तो आवाज हवा होता. त्याच्या भल्यासाठी सांगणार होते हे खरं, पण माझ्यासाठीही सांगणार होते, हेही तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांच्या दारात उभी राहिले. "सर, तो स्कॅन धरू नका. पेशंट विश्रांतीच्या वेळातही मनात बोलत होता."

"कोणाशी?"

"माझ्याशी, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. कॉफी पिताना."

"पुन्हा स्कॅन होईल," ते म्हणाले. "तू त्या दिवशी रजा घे."

दुसरा स्कॅन आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याने केला. त्याचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा आहे. त्याच्या प्रेमात पडायचा धोका कोणालाच नव्हता. त्या सकाळी माझा पेशंट घरून निघण्याआधी मी त्याला फोन केला. "या वेळी खरंच गप्प राहा," म्हटलं. "फुली आली की ती नुसती बघ." तो "बघतो" एवढंच म्हणाला. तो मुद्दाम परत सगळं बिघडवू शकला असता, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. दिवसभर घरात बसून मी नखं खाल्ली.

त्याने बिघडवलं नाही. डावी बाजू लख्ख उजळली. बोलण्याचं घर आणि बिघाड, दोघांची भिंत एकच होती.

सरांनी त्याला आणि ताईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "सगळा बिघाड काढायचा तर बोलणं जाईल, आणि ती शस्त्रक्रिया मी करणार नाही. भिंतीच्या अलीकडचं तेवढं काढीन. फिट जातील याची निम्मी आशा धरा."

"म्हणजे दहापैकी पाच," ताई म्हणाली. "पास की नापास?"

"काठावर पास," सर म्हणाले.

त्याने सही केली. जाताना माझ्या खोलीवरून गेला, पण आत डोकावला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ताई आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. तिने डबा आणला होता, तो उघडलाच नाही. डब्याचं झाकण चाचपत म्हणाली, "तुझ्यामुळे कमी कापतायत ना?"

"हो."

"आई गेली तेव्हा हा माझ्या कमरेएवढा होता. त्याला मी बोलायला शिकवलेलं नाही, तो आधीच फार बोलायचा. गप्प बसायला शिकवायचा प्रयत्न मात्र खूप केला." तिने पदराने नाक पुसलं. "तुला आशीर्वाद द्यायचा की शिव्या, ते तो बाहेर आला की ठरवते."

तो बाहेर आला, डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं. तो शुद्धीवर आल्यावर ताईने वाकून विचारलं, "छोट्या, मी कोण?" तो बघत राहिला. ओठ हलले, काही निघालं नाही. ताईने पलंगाची कांब घट्ट धरली. मी भिंतीला टेकले. मग त्याने थुंकी गिळली आणि म्हणाला, "गणित." आणखी थोड्या वेळाने, "ताई." मग नजर फिरवत माझ्यावर आणली. "हुकूमबाई... हलू का?"

मी इतक्या मोठ्याने रडले की नर्सने बाहेर काढलं. दारापाशी ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचे महिने चांगले गेले. काही शब्द हरवले होते; वस्तरा म्हणायचा तर "ते गालाचं" म्हणायचा, आणि मी हसले की रुसायचा. पण फिट नव्हती. मी त्याच्यासोबत चालायची तेव्हा तो गर्दीतही माझा हात सोडायचा नाही. परत गाडी कधी मिळेल, याचा हिशोब तो बोटांवर करायचा. आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. या वेळी ताई खरोखर तयार होती.

आणि मग एका सकाळी ताईचा फोन आला. तो शर्टाला इस्त्री करत होता. इस्त्री हातावर पडली होती आणि तो तिच्याशेजारी.

मी पोचले तेव्हा तो पलंगावर बसला होता. तळहात भाजून सोललेला. फिट ओसरली होती, पण शब्द अजून पुरते परतले नव्हते. मी जवळ बसले तसा तो लांब सरकला. मग एकेक शब्द जमवत म्हणाला, "तू... गप्प बसली असतीस... तर."

"तर तू मुका झाला असतास."

"मोकळा झालो असतो."

उरलेला बिघाड भिंतीला चिकटून तिथेच होता. ती भिंत मीच दाखवली होती. गाडी आता कधीच मिळणार नव्हती, हे त्याला कळलं होतं आणि मलाही.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. कामावर परत आला, हाताला पट्टी बांधून. रोज संध्याकाळी मी खांबाखाली उभी, आणि वरून त्याचा आवाज सगळ्यांना सगळं सांगायचा. माझी गाडीसुद्धा. पण आता तो नाकात बोलायचा, बाकीच्यांसारखा, उपकार केल्यासारखा. आजींना कोणी दमानं घ्या म्हणत नव्हतं. केबिनची काच मी एकदा वाजवली. त्याने पडदा ओढला. मी जे बोलणं वाचवलं होतं, त्यातला एक शब्दही माझ्या वाट्याला येत नव्हता. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्यावाचून जेवण जात नव्हतं, दोन्ही एकदम.

शेवटी ताईच माझ्या खोलीच्या दारात आली.

"घरी चल," म्हणाली. "तो मांजराशी बोलतो, दूधवाल्याशी बोलतो, भिंतीशी भांडतो. तुला सोडून सगळ्यांशी बोलतो. असं माणूस फक्त आपल्या माणसाशीच वागतं. आणि काल रात्री झोपेत परत फिट आली त्याला. उशीत तोंड खुपसलेलं होतं. मी वेळेवर उठले म्हणून..." गणिताच्या बाईंना वाक्य पुरं करता आलं नाही.

तो खिडकीशी बसला होता. दुपारच्या उन्हात त्याची हनुवटी निळसर दिसत होती, जीभ चावल्याने ओठ सुजलेला. मी समोर खुर्ची ओढली.

"बोलू नकोस हवं तर," म्हटलं. "मी बोलते. तुझी गाडी माझ्यामुळे गेली. मी सांगितलं ते बरोबर होतं, परत वेळ आली तर परत सांगेन. पण तुझी गाडी गेली त्याचं मला दुःख नाही, असं समजू नकोस. तू पाय दाबून रस्ता सांगायचास ना, ते आठवलं की मला माझाच राग येतो."

मी उठायच्या बेतात होते, तेव्हा तो म्हणाला, "तुझा राग नाहीच आला."

"मग?"

"राग करणं सोपं होतं, म्हणून केला." त्याने भाजलेला हात मांडीवर उलटा ठेवला. "एखाद्या सकाळी मी उठणार नाही. सर म्हणालेत, ते होऊ शकतं. ताईने आई गेलेली पाहिली. आता मला पाहील. आणि तू शेजारी असलीस, तर तू पाहशील. तुझ्या बाजूला हात लावशील आणि मी गार. मला नको ते. त्यापेक्षा तू चिडून निघून गेलेली बरी, असं वाटलं."

"गेले का मी?"

"नाही. खांबाखाली उभी राहतेस रोज. माइकवर बोलताना घसा दाटतो माझा, म्हणून तर नाकात बोलतो."

"मला सगळं माहीत आहे," मी म्हणाले. "झोपेत काय होतं, किती जणांचं होतं, ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. रोजचं काम आहे माझं. भीती वाटते मला. आजही वाटते, आत्ताही वाटते. तू नसलास तरी ती जाणार नाही, ती तशीच माझ्या घरी येऊन बसेल. मग लांब बसून घाबरण्यापेक्षा मी तुझ्या शेजारी बसून घाबरीन. माझं प्रेम आहे तुझ्यावर, कळलं? आता हो म्हण किंवा नाही म्हण, पण तोंडाने म्हण."

त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. त्याने चांगल्या हाताने माझा हात ओढला आणि त्यावर कपाळ टेकलं, जखमेचा व्रण माझ्या मनगटाला लागला.

"हो," तो म्हणाला. आणि मग थांबलाच नाही. किती तरी दिवसांचं साठलं होतं. ताई स्वयंपाकघरातून डोकावून गेली तरी त्याचं चालूच होतं.

आमचं लग्न झालं. गाडी तो चालवत नाही. फिट कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. घरी तो सकाळपासून जो बोलायला लागतो, तो मला पुरता उबग येईपर्यंत; मी स्वयंपाक करत असते आणि बाहेरच्या खोलीतून दूधवाला, कंडक्टर, मांजर, सगळ्यांच्या हकिकती येत असतात. कधीतरी माझं डोकं उठतं आणि मी ओरडते, "पुरे की रे, जरा गप्प बस!"

तो बसतो गप्प. मी दोन भांडी घासते, तिसरं हातात घेते. बाहेरून काहीच ऐकू येत नाही. मग नळ तसाच वाहता सोडून मी ओल्या हातांनी बाहेर धावते. तो पेपर वाचत बसलेला असतो. मी दारातच उभी राहून म्हणते, "अरे, बोल ना काहीतरी."